समक्ष पाजले

माझ्यावर चोरीचा आळ आला असता तर मी एकवेळ हसून सोडून दिलं असतं. पण नळ्या बदलल्याचा आळ! बावीस वर्षं मी लोकांच्या दंडात सुया टोचते आहे आणि आजवर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलेलं नाही. माझ्या नाकावर राग असतो, बोलणं तिखट आहे, सासरचे माझ्याशी जपून बोलतात, हे सगळं मान्य. पण नळ्या बदलणारी उज्वला अजून जन्माला यायची आहे.

आळ घेणारे होते आमचे डॉक्टर अनुप. वय पस्तीस, डोक्यावर केस कमी आणि डोक्यात आकडे जास्त. त्यांचा अभ्यास गरोदर बायकांच्या साखरेवर होता. काही बायकांना गरोदरपणातच मधुमेह होतो. बाळंतपण झालं की तो बहुतेक वेळा निघून जातो, पण तोवर पोटातल्या बाळाला पुरता छळतो. तो आहे की नाही हे कळायला सहाव्या महिन्यात बाईला ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि दोन तासांनी रक्त तपासायचं, ही ठरलेली पद्धत. डॉक्टरांना बघायचं होतं की हेच तिसऱ्या महिन्यात, नुसत्या रक्तावरून आधीच ओळखता येतं का. रक्तात म्हणे सूक्ष्म आरएनए नावाचे फार बारीक रेणू असतात आणि पुढे जिला साखर होणार तिच्या रक्तात त्यातले काही तेव्हाच वाढलेले असतात. म्हणे म्हणते, कारण ते अजून सिद्ध व्हायचं होतं. तोवर रेणूंचा निकाल कोणत्याही बाईला सांगायचा नाही, असा नियम होता.

गावोगाव फिरायचं काम माझं. सेलू तालुक्यातल्या एकशे वीस बायका मी यात घेतल्या. तिसऱ्या महिन्यात जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घ्यायचं, बर्फाच्या डब्यात ठेवायचं आणि दोन तासांच्या आत वर्ध्याला पोचवायचं. मग सहाव्या महिन्यात जाऊन ग्लुकोज पाजायचं. नळीवरची चिठ्ठी मी बाईच्या समोर चिकटवते आणि तिलाच तिचं नाव मोठ्यानं वाचायला लावते. जिला वाचता येत नाही तिच्या नवऱ्याला नाहीतर सासूला वाचायला लावते. एवढी खबरदारी घेणाऱ्या बाईला डॉक्टर संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "उज्वलाताई, तुमच्या हातून नळ्या बदलल्या."

सगळ्या नळ्यांची तपासणी एकदमच झाली होती आणि निकाल आदल्या दिवशी हाती आला होता. त्यांनी मला संगणकाजवळ बसवलं. पडद्यावर लाल आणि निळे ठिपके होते. लाल म्हणजे सहाव्या महिन्यात जिची साखर निघाली ती, निळा म्हणजे जिची नाही निघाली ती. लाल बहुतेक सगळे वर, निळे बहुतेक सगळे खाली. चित्र इतकं छान जमून आलं होतं की मलाही बरं वाटलं. फक्त एक लाल ठिपका अगदी तळाला होता आणि एक निळा सगळ्यांच्या वर जाऊन बसला होता.

"सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस," डॉक्टर म्हणाले. "एकाच दिवशी, एकाच घरात घेतलेलं रक्त. या दोन नळ्यांची अदलाबदल केली तर दोन्ही ठिपके बरोबर आपापल्या जागी जातात. सांगा आता."

"काय सांगू? माझ्या हातून नळी बदलत नाही."

"चूक कोणाकडूनही होते, ताई."

"होत असेल. माझ्याकडून ही होत नाही," मी म्हटलं आणि खुर्ची जरा जोरातच मागे सारली.

सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस कोण हे मला वही न उघडताही ठाऊक होतं. हिंगणीच्या आकांक्षा आणि मोनाली. सख्ख्या बहिणी, एकाच घरात दिलेल्या, म्हणून सख्ख्या जावाही. थोरल्या आकांक्षाच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे तिचं पहिलंच. धाकट्या मोनालीच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. आठ दिवसांच्या फरकानं दोघींना दिवस गेले, तेव्हा त्यांच्या सासूनं, देवकाबाईनं, अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. सहाव्या महिन्यात आकांक्षाची साखर एकशे बहात्तर निघाली आणि मोनालीची ब्याण्णव. एकशे चाळीसच्या वर गेलं की मधुमेह धरतात. मी आकांक्षाला पथ्य लावून दिलं, देवकाबाईनं ते काटेकोर पाळलं, आणि पुढच्या प्रत्येक तपासणीत आकांक्षाची साखर नव्वदच्या आसपास. पथ्य पाळावं तर असं, म्हणून मी दुसऱ्या गावांत तिचं उदाहरण देत होते.

मी थेट तळमजल्यावर भैयाजींकडे गेले. भैयाजी रक्तपेढीतले जुने माणूस.

"काऊन तापल्या एवढ्या?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. आकांक्षाचा रक्तगट बी, मोनालीचा ओ, दोघींच्या कार्डांवर लिहिलेला. आमच्या फ्रीजरमध्ये लाल पेशी नव्हत्या, नुसतं वरचं पिवळट पाणी होतं. पण रक्तगट त्या पाण्यावरूनही उलट्या बाजूनं काढता येतो, हे मला माहीत होतं. भैयाजींनी दोन्ही नळ्या मागवल्या, थेंब टाकले, तबकडी हलवली. सेहेचाळीस नंबर बी निघाला आणि सत्तेचाळीस ओ.

"बाई, तुमच्या नळ्या बरोबर हायेत," भैयाजी म्हणाले.

काय आनंद झाला म्हणून सांगू! तो कागद मी डॉक्टरांच्या टेबलावर आपटलाच. त्यांनी तो दोनदा वाचला, माफी मागितली, चहाही मागवला. मग म्हणाले, "म्हणजे या दोघींत आपली पद्धत चुकली. असू द्या. एकशे वीसमध्ये दोन चालतात."

चहा घेऊन मी बाहेर बाकावर बसले. जिंकल्याचा आनंद तो चहा संपेपर्यंतच टिकला. एक चुकली असती तर मीही म्हटलं असतं, असू द्या. पण दोन चुकाव्यात, त्या एकाच घरात, आणि अगदी एकमेकींच्या जागेवर? काहीतरी बदललं होतं एवढं नक्की. रक्त बदललं नव्हतं, हे मी स्वतःच आत्ता सिद्ध करून आले होते. मग उरलं काय? उरला ग्लुकोजचा ग्लास.

पण ग्लासाचं तर माझ्या वहीत लिहिलेलं होतं. प्रत्येकीच्या नावासमोर एक रकाना होता, त्यात 'समक्ष पाजले' लिहून सही करायची. मी वही काढली. सेहेचाळीस, समक्ष पाजले, उ. सत्तेचाळीस, समक्ष पाजले, उ. माझंच अक्षर. आणि मग मला ती सकाळ आठवली. दिवाळी नुकतीच झाली होती. अंगणवाडीत आठ बायका रांगेत बसल्या होत्या. मी सगळ्यांचे ग्लास भरून हातात दिले, आणि तेवढ्यात लसींचा डबा आला, त्याची गाडी दारात खोळंबली म्हणून मी बाहेर गेले. दहा मिनिटं तरी गेली असतील. आत आले तेव्हा आठही ग्लास रिकामे होते. रिकामा ग्लास म्हणजे प्यायलेला ग्लास, असं धरून मी आठ सह्या केल्या.

 मी परत आत गेले आणि डॉक्टरांना म्हटलं, "मी हिंगणीला चालले."

"ताई, रेणूंवरून त्यांना काही सांगता येणार नाही. नियम आहे."

"नियम मला पाठ आहे. बोटातून एक थेंब काढून साखर बघायला कोणाचा नियम आडवा येत नाही."

हिंगणीला पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. देवकाबाई अंगणात वांग्यांचा ढीग घेऊन बसली होती, सेलूच्या बाजारासाठी मोठी-लहान वेगळी करत. धाकटा मुलगा साहिल, म्हणजे मोनालीचा नवरा, टेम्पोत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या रचत होता. मोनाली भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं, पोट एवढं मोठं की पाहून मी दारातच थांबले. तिच्या शेजारी ताटलीत तिळाचे लाडू होते. आणि आकांक्षा चुलीपाशी कोरडी भाकर आणि मेथीची भाजी खात बसली होती. गळ्याची हाडं वर आलेली. दोघींना नववा महिना लागत होता, पण एकीच्या अंगात दोघींचं मांस गेल्यासारखं दिसत होतं.

"या सिस्टर, वाण घ्यायले आल्या का?" देवकाबाई हसून म्हणाली. "पाहा, तुमी सांगतलं तसंच चालू हाय. अडीच महिने झाले, हिले भाताचं शीत देलं नाई का गुळाचा खडा देला नाई. रडली तरी नाई देलं."

"आणि हिला?" मी मोनालीकडे बोट केलं.

"तिले कायचं पथ्य? तिचं त सारं बरोबर हाय ना. तिच्या पोटात पहिलवान हाय," म्हणून ती पुन्हा हसली.

मी मोनालीपाशी खाली बसले. राग गिळून, शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मोना, दिवाळीनंतर अंगणवाडीत तो गोड ग्लास दिला होता. तो तू पूर्ण प्यायलीस ना?"

मोनालीनं आकांक्षाकडे पाहिलं. आकांक्षानं भाकर खाली ठेवली. त्या दोघींचं ते पाहणं मी जन्मात विसरणार नाही. लहानपणी बरणीतलं काही खाताना पकडल्या गेलेल्या बहिणींचं पाहणं होतं ते.

"मी रागावत नाही," मी म्हटलं. "खरं सांगा."

"एक घोट घेतला होता तिनं," आकांक्षा म्हणाली. "तिले ओकारी याले लागली. म्हणे ताई, माह्यानं होत नाई. मंग तिचा ग्लास म्यांच पिऊन घेतला."

"तुझा पिऊन झाल्यावर?"

"हो. दोनी."

"अगं पण का? काऊन पेलीस तू तिचा?" रागात माझ्याही तोंडात तिचीच बोली आली.

आकांक्षा घाबरली. मग हळूच म्हणाली, "तुमीच त म्हटलं होतं सिस्टर. सांडू नोका, बाळाच्या ताकदीचं हाय. मले वाटलं, फेकून देलं त पाप लागन. घरातलंच लेकरू हाय, माह्या पोटात गेलं का तिच्या, एकच."

मी म्हटलं होतं. शब्द न शब्द मीच म्हटलं होतं. गोड पाणी पाहून बायका तोंडं वाकडी करायच्या, नखरे करायच्या, दोन तास बसावं लागणार म्हणून कुरकुरायच्या. आठ जणींना समजावत बसायला मला वेळ कुठे होता? म्हणून मी हे वाक्य तयार ठेवलं होतं. बाळाच्या ताकदीचं आहे, सांडू नका. ते ऐकलं की बाई डोळे मिटून ग्लास रिकामा करायची. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटायचं.

"म्हणून मले लय वाईट वाटलं होतं," आकांक्षा पुढे बोलत होती. "तिच्या लेकराच्या वाट्याची ताकद म्यां खाल्ली. वरून मले गोड बंद झालं. तवापासून माह्या वाटचा गूळ, भात, खीर, सारं मी तिलेच देतो. बळंच खाऊ घालतो. तिचं लेकरू तरी भरून निघालं पाहिजे."

 डोळ्यांसमोर ती लाडवांची ताटली होती आणि ती मला नीट दिसत नव्हती. अडीच महिने. जिला साखर नव्हती ती उपाशी राहिली आणि जिला होती तिला दोघींचा गूळ गेला. आणि हे सगळं माझ्या एका वाक्यावर आणि दोन सह्यांवर.

मी पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं, मोनालीचं बोट टोचलं.  बावीस वर्षांत पहिल्यांदा एका टोचण्यात थेंब आला नाही, दुसऱ्यांदा टोचावं लागलं. यंत्रानं आकडा दाखवला दोनशे एकोणनव्वद.

"किती आली सिस्टर?" देवकाबाईनं विचारलं.

 मी मोनालीच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "बाळ हलतं ना गं?"

"कालपासून कमी हलून राह्यलं," मोनाली म्हणाली. "मोठं हाय ना, सिस्टर. जागा पुरत नसन त्याले. झोपते."

"साहिल!" मी इतक्या जोरानं ओरडले की समोरच्या घरातली बाई बाहेर आली. "टेम्पो रिकामा कर! आत्ताच्या आत्ता!"

सांबाराच्या जुड्या अंगणातच पडल्या. मोनालीला पुढे बसवलं, मी तिला धरून दाराशी बसले, आणि देवकाबाई मागे वांग्यांच्या रिकाम्या टोपल्यांत. आकांक्षा टेम्पोमागे दारापर्यंत आली. "सिस्टर, काय झालं? माह्यामुळं झालं का काही?" ती विचारत राहिली. मी मान फिरवली. तिला तोंड द्यायची माझी हिंमत झाली नाही, हे आता लिहितानाही लाज वाटते.

रस्त्यातच डॉक्टरांना फोन केला. "डॉक्टर, सत्तेचाळीसचा ठिपका खरा आहे," एवढंच म्हटलं. ते काही विचारत होते, पण मी फोन ठेवून मोनालीचं पोट चाचपत बसले. सेलू मागे पडलं तरी आतून एकही लाथ आली नाही. मोनाली मात्र माझ्याकडे पाहून हसत होती. तिला वाटत होतं, सिस्टर उगाच घाबरतात.

दवाखान्यात ठोके शोधणाऱ्या यंत्राची ती गोल चकती डॉक्टरीण बाईंनी पोटावर डावीकडे ठेवली, मग उजवीकडे, मग खाली. खरखर येत होती. देवकाबाईनं माझा दंड धरला. मी मनात आकडे मोजत होते, एकोणीसपर्यंत आले, आणि ठोका ऐकू आला. संथ होता, मध्येच अडखळत होता, पण होता. अर्ध्या तासात मोनालीला आत नेलं.

मुलगी झाली. एक महिना आधी आली तरी वजन पावणेचार किलो. रंग निळसर, रडणं नाहीच. एवढं मोठं बाळ, आणि अंगात जीव मुठीएवढा. आईची साखर जास्त असली की पोटातलं बाळ ती पचवायला सोकावतं, आणि नाळ कापली की त्याची स्वतःची साखर एकदम कोसळते, हे मला पुस्तकातून पाठ होतं. बाळाची साखर चोवीस आली. तिथली नर्स धावत आली आणि तिनं त्या एवढ्याशा शिरेत ग्लुकोज सोडलं. मी काचेबाहेर उभी होते. तेच ग्लुकोज. त्या क्षणी तेच तिच्या ताकदीचं होतं, आणि ते पाहून मला रडू फुटलं.

डॉक्टर अनुप धावतच आले. धापा टाकत म्हणाले, "ताई, म्हणजे आपला रेणू बरोबर होता! तिसऱ्या महिन्यातच त्यानं सांगितलं होतं!" त्यांचे डोळे चमकत होते. मग त्यांना साहिल दिसला, भिंतीशी उकिडवा बसलेला, हातांना अजून सांबाराचा वास. डॉक्टरांचा चेहरा एकदम उतरला. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती. पण सकाळी रक्तगटाचा कागद आपटताना मीही अशीच खूश होते, म्हणून गप्प राहिले.

मग मी पिशवीतून वही काढली. सत्तेचाळीस नंबरसमोर, माझ्या सहीखाली, लिहिलं, 'समक्ष पाजले नाही.' तसंच सेहेचाळीससमोर. उरलेल्या सहा जणींसमोरही. आठही ठिकाणी पुन्हा सही केली आणि वही डॉक्टरांच्या हातात दिली. त्यांनी वाचलं. "हे मला वर कळवावं लागेल, ताई. त्या सहा जणींची तपासणीही पुन्हा करावी लागेल. आणि तुम्हाला या कामावर..." 

"कळवा," मी म्हटलं. "पण आधी मला आकांक्षाकडे एकदा जाऊ द्या."

पण बाळाचा जीव टांगणीला असताना माझा पाय तिथून निघाला नाही. पाचव्या दिवशी पोट्टीनं दूध ओढलं. नळ्या निघाल्या, रंग बदलला. त्या दुपारी देवकाबाई बाहेर आली आणि कोणाला काही कळायच्या आत माझ्या पायांवर वाकली. "तुमी नसत्या आल्या त माही नात गेली असती. तुमी देवावानी आल्या, सिस्टर."

एवढा मोठा धक्का मला त्या दोनशे एकोणनव्वदनंही दिला नव्हता. मी तिला उठवलं, बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ग्लास तपासायसाठी होता, ताकदीसाठी नव्हता. मी खोटं बोलले होते. मी तिथे नव्हते आणि आहे म्हणून सही केली होती. साखर मोनालीला होती, आकांक्षाला कधीच नव्हती.

 मला वाटलं, आता देवकाबाई शिव्या देईल, झिंज्या धरेल. मी तयारच होते. पण तिनं नातीचं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, "मंग आकांक्षाले म्यां उपाशी कायले ठेवलं? ती रडली तरी नाई देलं म्यां. कायले?"

 ती उठली आणि मागे न पाहता गावाकडे जायला निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंगणीला गेले. मधल्या दिवसांत आकांक्षाची सोनोग्राफी झाली होती, बाळाचं वजन कमी भरत होतं, डॉक्टरीण बाईंनी तिला भरपूर खायला सांगितलं होतं. पण घरात कळलं की ती भाताला हात लावायला तयार नाही. देवकाबाईनं ताट वाढलं की ती मागे सरकायची. जे काही गोड, पांढरं, मऊ, ते बाळाला मारतं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. ते तिच्या मनात मीच घातलं होतं.

मी तिच्यासमोर बसले. ग्लुकोजची पुडी न फाडता तिच्या हातात दिली. "वाच," मी म्हटलं. नळीवरचं नाव मी प्रत्येकीला वाचायला लावत होते, पुडीवरचं मात्र कोणालाच वाचू दिलं नव्हतं.

तिनं अक्षर अक्षर लावून वाचलं. मग मी तिला समजावून सांगितलं, की यात ताकदबिकद काही नाही. ही नुसती साखर आहे, शरीर ती कशी पचवतं ते बघायला देतात. मधल्या सगळ्या गोष्टीही सांगितल्या. मोनालीचं बाळ कशानं आजारी पडलं, ते सांगताना तिचा चेहरा पांढरा पडला.

"म्हंजे म्यां माह्या हातानं तिले..." ती म्हणाली.

"तू नाही. मी. तू माझं ऐकलंस, एवढंच तू केलंस."

मग मी पुडी फोडून पाण्यात कालवली आणि ती एक ग्लास प्यायली. एकच. मी तिच्यावरून नजर हलवली नाही. दोन तास मी तिथेच एका पोत्यावर बसून होते. फोन दोनदा वाजला, घेतला नाही. चुलीवर देवकाबाईनं भात टाकला होता, नव्या तांदळाचा, त्याचा वास घरभर पसरला. आकांक्षा तो वास घेत होती आणि खाली पाहत होती. दोन तास भरले. मी तिचं बोट टोचलं. या वेळी थेंब लगेच आला. आकडा एकशे सहा.

देवकाबाईनं ताट आणून ठेवलं. भात, वरण, वर तुपाची धार, बाजूला गुळाचा खडा.  "खा व माय," ती म्हणाली.

आकांक्षानं सासूकडे पाहिलं नाही, ताटाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, तुमी सांगसान त खाईन."

एवढं होऊनही. माझ्या एका शब्दावर अडीच महिने उपाशी राहिली, माझ्या एका शब्दावर बहिणीच्या तोंडात गूळ घातला, आणि अजूनही ही बाई माझ्याच शब्दाची वाट पाहत होती. बावीस वर्षांत मला माझ्या तोंडाची कधी भीती वाटली नव्हती. त्या दुपारी वाटली. मी यंत्र उलटं फिरवून तिच्यासमोर धरलं.

"मी नाही सांगणार. तूच वाच, आणि तूच ठरव."

तिनं आकडा वाचला. एकदा मनात, एकदा मोठ्यानं. एकशे चाळीस कुठे आणि एकशे सहा कुठे, हे तिनं बोटांवर मोजल्यासारखं केलं. मग तिनं ताट पुढे ओढलं. पहिला घास तिनं तोंडाशी नेला, थांबली, पुन्हा एकदा यंत्राकडे पाहिलं, आणि खाल्ला.